२४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम मिररलेस कॅमेरा, आठ महिने वापरल्यावर

बॉडी, मेनू, बॅटरी सगळं ठीक आहे, त्यावर वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते सेन्सरबद्दल, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपबद्दल (फुल फ्रेम म्हणजे ती जुन्या ३५ मिमी फिल्मच्या फ्रेमएवढी), कारण पैसे मी त्याचेच मोजलेत.

पहिल्याच आठवड्यात एका नाटकाचे फोटो काढले, स्टेजवर एकच दिवा आणि बाकी काळोख. नटाचा चेहरा जळू नये म्हणून एक्स्पोजर मुद्दाम कमी ठेवलं, रॉ फाइल (सेन्सरचा कच्चा डेटा) उघडली तर जवळजवळ सगळी काळीच, मग सावल्या चार स्टॉप वर उचलल्या (म्हणजे १६ पट उजळ केल्या) आणि मागच्या पडद्याच्या चुण्या, कोपऱ्यात बसलेले तबलजी, सगळे बाहेर आले की! जुन्या कॅमेऱ्यात एवढं उचललं असतं तर नुसता जांभळा चिखल आणि आडवे पट्टे आले असते.

सेन्सर खरं तर मोजणी करतो. सिलिकॉनमध्ये फोटॉन (उजेडाचा कण) शिरला की इलेक्ट्रॉन सुटतो, शटर उघडं असेपर्यंत प्रत्येक पिक्सेलच्या फोटोडायोडमध्ये ते साठत जातात, त्या चार्जचं व्होल्टेज होतं, ते ॲम्प्लिफाय होऊन एडीसीकडे (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या सर्किटकडे) जातं आणि १४ बिटमध्ये ० ते १६३८३ मधला एक आकडा हातात येतो. आयएसओ (फोटो उजळ करायची सेटिंग) वाढवला म्हणजे सेन्सर जास्त उजेड पकडायला लागला असं अजिबात नाही, जमलेलं तेवढंच असतं, फक्त वाढवून दाखवतात. माझ्या काळ्या फाइलमध्ये चुण्यांचे इलेक्ट्रॉन थोडे होते पण होते, आणि ते वाचताना हा सेन्सर स्वतःचा नॉइज (आकड्यांतला चढउतार, फोटोत दाणे दिसतात तो) फार कमी मिसळतो, म्हणून निघाले. उलट पिक्सेल एकदा काठोकाठ भरला की वरचं सगळं वाया, उडालेले हायलाइट (पांढरेफटक झालेले उजळ भाग) कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही.

शिवाय पिक्सेलची साइज. इथे एक पिक्सेल साधारण ६ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), बऱ्याच फोनमध्ये १ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे क्षेत्रफळ ३६ पट. उजेडालाच मुळात नॉइज असतो, १०० फोटॉनांमागे १० चा चढउतार, १०,००० असतील तर १०० चा, म्हणजे फक्त १ टक्का. त्यामुळे भर उन्हात फोनशी फरक शोधावा लागतो आणि काळोखात तो झाकता येत नाही.

रंगांबद्दल एक तक्रार. पिक्सेलला रंग कळतच नाही, ब्राइस बायर यांच्या १९७६ च्या पेटंटमधली फिल्टरची जाळी वर असते, हिरवे दुप्पट, लाल-निळे एकेक, प्रत्येक पिक्सेलचे उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने काढतात. बारीक चौकडीच्या शर्टवर तो अंदाज चुकतो आणि रंगीत लाटा येतात, दोन-तीन चांगले पोर्ट्रेट त्यात गेले.

दुसरी तक्रार मोठी. सायलेंट शटरवर सेन्सर ओळीओळीने वाचला जातो आणि तो वेग इथे कमी पडतो, एलईडी लाइटमध्ये फोटोवर पट्टे येतात, पळणारं काही असेल तर तिरकं होतं. नाटकात आवाज नको म्हणून सायलेंट हवंच असतं, त्यामुळे हे फार लागतं मनाला. आधी लाइट बघा, दोन टेस्ट शॉट घ्या, मगच मोड ठरवा.

ताऱ्यांचे फोटो काढणार असाल तर लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू ठेवा. उष्णतेनेही इलेक्ट्रॉन सुटतात, उजेड नसताना ठिपके येतात, म्हणून कॅमेरा तेवढ्याच वेळेची एक काळी फ्रेम घेऊन ती वजा करतो. ३० सेकंदांच्या फोटोला पूर्ण मिनिट लागतं, पण आकाश स्वच्छ मिळतं.