बाटलीला झाकण कोणते? आधी बाटलीचे तोंड पाहा

झाकणाचा विचार बहुधा सगळ्यात शेवटी होतो. बाटली ठरलेली असते, लेबल छापून आलेले असते, आणि मग समोरच्या नमुन्यांतून दिसायला बरे वाटेल ते झाकण उचलले जाते. गळतीच्या तक्रारी इथूनच सुरू होतात. द्रव आत राहतो तो झाकण बाटलीच्या काठावर सगळीकडून सारखे टेकते म्हणून. आटे फक्त झाकणाला खाली ओढून धरतात. त्यामुळे दोन झाकणांची तुलना करायची तर पहिला प्रश्न एकच : हे झाकण या काठावर कशाने आणि किती जोराने टेकणार आहे?

माप एकच, तरी जोडी जुळत नाही

'२८ मि.मी.चे झाकण द्या' एवढ्याने काम भागत नाही. २८-४०० आणि २८-४१० या दोन्हींत २८ हा आकडा गळ्यावरच्या आट्यांचा बाहेरचा व्यास सांगतो. पुढचा आकडा आट्यांची ठेवण सांगतो : ४०० म्हणजे एक वेढा, ४१० म्हणजे दीड, ४१५ म्हणजे दोन. ४१० चे उंच झाकण ४०० च्या आखूड गळ्यावर बसवले, तर त्याची खालची कड बाटलीच्या खांद्याला आधी टेकते आणि वर काठाशी फट उरते. हाताला मात्र झाकण घट्ट लागल्यासारखे वाटते. हा दोष डोळ्यांना दिसत नाही, बाटली आडवी केली की कळतो.

पाणी आणि सोड्याच्या पीईटी बाटल्यांतही हाच घोटाळा होतो. जुना पीसीओ १८१० गळा (पीसीओ हे गळ्याच्या ठरलेल्या नमुन्याचे नाव) साधारण २१ मि.मी. उंच, नवा पीसीओ १८८१ साधारण १७. आट्यांमधले अंतर जुन्यात ३.१८ मि.मी., नव्यात २.७. नव्या गळ्यात प्रत्येक बाटलीमागे ग्रॅमभराहून जास्त प्लास्टिक वाचते आणि झाकणही हलके होते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने आखूड गळाच घ्यावा. हाताशी जुन्या गळ्याचे साचे आणि झाकणे बसवायचे जुने यंत्र असेल, तर हिशोब वेगळा. गळा बदलला की बाटलीला गळ्याशी धरणारे भाग आणि झाकण बसवणारी डोकीही बदलावी लागतात. दोन्ही गळ्यांची झाकणे एकाच गोदामात ठेवायची वेळ आली, तर रंग वेगळे ठेवा. नजरेने ती ओळखू येत नाहीत.

वॅड असलेले झाकण आणि एकसंध झाकण

वॅड म्हणजे झाकणाच्या आत बसवलेली चकती. फुगवलेल्या पॉलिथिनची चकती मऊ असते, काठावरचा बारीक खडबडीतपणा झाकून घेते, आणि साबण, शाम्पू, पाण्यासारखे द्रव यांना पुरते. तेलकट किंवा विद्रावक असलेल्या मालाला ती चालेलच असे नाही. ती फुगते किंवा आकसते. अशा मालासाठी पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) थर असलेली चकती घ्यावी.

एकसंध झाकणात चकती नसते. झाकणाच्या आतून एक गोल कडे खाली येते आणि बाटलीच्या तोंडात बुचासारखे घट्ट बसते. भाग एकच, चकती निसटायची भीती नाही, वितळवून पुन्हा वापरायलाही सोपे. पण त्यासाठी तोंडाचा आतला व्यास अचूक हवा. साच्यात घडलेल्या पीईटी गळ्यात तो मिळतो. काचेत तो कमीजास्त होतो, म्हणून काचेवर चकतीवाले झाकणच भरवशाचे. फुंकून घडवलेल्या एचडीपीई (जास्त घनतेच्या पॉलिथिनच्या) बाटलीत एक गोष्ट जरूर तपासा : साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे काठावर पुसटसा खळगा पडतो. एकसंध झाकण नेमके तिथूनच पाझरते. काठावरून नख फिरवले तरी तो लागतो.

वायूभरल्या पेयासाठी पाहायचे तर आट्यांत उभ्या खाचा आहेत ना ते पाहा. झाकण फिरवायला लागताच वायू या खाचांतून निघून जातो, मग आटे सुटतात. त्या नसतील तर तापलेल्या बाटलीचे झाकण हातातून उडू शकते.

फॉइलचे सील : एक थर की दोन

इंडक्शन सीलमध्ये झाकणाच्या आत ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची चकती असते आणि तिच्या खाली चिकटणाऱ्या प्लास्टिकचा थर. बाटली यंत्राच्या कॉइलखालून (तारेच्या वेटोळ्याखालून) जाते तेव्हा चुंबकीय क्षेत्राने पत्र्यात प्रवाह फिरतो, पत्रा तापतो आणि खालचा थर काठाला चिकटतो. खालचा थर बाटलीच्या प्लास्टिकशी जुळणारा हवा. पॉलिथिनच्या बाटलीसाठी केलेली चकती पीईटीवर धड चिकटत नाही.

दोन थरांच्या चकतीत पत्र्यावर मेणाने जोडलेला पुठ्ठा असतो. तापल्यावर मेण वितळून पुठ्ठ्यात मुरते, पत्रा बाटलीवर राहतो आणि पुठ्ठा झाकणात. ग्राहकाने सील काढल्यावर हाच पुठ्ठा पुढे वॅडचे काम करतो. एका थराच्या चकतीत सील काढले की झाकणात काहीच उरत नाही. माल एका दमात संपणार असेल तर एक थर चालेल. महिनाभर उघडझाप होणार असेल तर दोन थर घ्या, किंवा झाकणातच आतले कडे असू द्या.

सील अर्धवट लागण्याचे मूळ बहुतेक वेळा यंत्राच्या ताकदीत शोधले जाते, पण ते असते झाकण किती आवळले यात. पत्रा काठाला दाबून धरलेला नसेल तर कितीही तापवला तरी तो तिथे चिकटणार नाही. ताकद वाढवली की कड जळते, पुठ्ठा तपकिरी पडतो, करपल्याचा वास येतो, आणि ढिल्या बाजूला सील तरीही नसतेच. यावर सोपी तपासणी आहे. झाकण आवळा, कॉइलखालून न नेता उघडा, आणि चकतीवर उमटलेले कडे पाहा. ते पूर्ण, एकसारख्या खोलीचे गोल असायला हवे. कुठे पुसट असेल तर आधी टॉर्क (आवळण्याचा जोर) आणि काठ सुधारा, यंत्राला नंतर हात लावा. धातूचे झाकण या पद्धतीत चालत नाही, कारण पत्र्याआधी झाकणच तापते.

किती आवळायचे

सुरुवातीसाठी ठोकताळा असा : झाकणाचा व्यास मि.मी.मध्ये जितका, त्याच्या निम्मे इंच-पाउंड. म्हणजे २८ मि.मी.ला १४ (सुमारे १.६ न्यूटन-मीटर), ३८ मि.मी.ला १९ (सुमारे २.१). चोवीस तासांनी उघडायला लागणारा जोर यापेक्षा बराच कमी, साधारण निम्म्याच्या आसपास, येतो. प्लास्टिक आणि चकती दबून सैलावतात, त्यामुळे ही घट अपेक्षितच आहे. पण जोर फारच खाली आला तर गळा ओला होता का, आट्यांवर माल सांडला होता का, ते आधी पाहा. फॉइलचे सील लागल्यावर मेण आणि थर वितळून चकतीची जाडी घटते, म्हणून त्यानंतर झाकण एकदा पुन्हा आवळणे चांगले.

ओतायचे कसे : फ्लिप टॉप, डिस्क टॉप, व्हॉल्व्ह, पंप

| झाकण | कशाला योग्य | कुठे दगा देते |
|---|---|---|
| फ्लिप टॉप | मध्यम दाट माल, एका हाताने उघडणे | बिजागर तुटते, भोकाशी माल सुकून साठतो |
| डिस्क टॉप (एक बाजू दाबली की वरची चकती उचलली जाते) | शाम्पू, लोशन | वाहतुकीत दाब पडला तर चकती आपोआप उघडते |
| सिलिकोन व्हॉल्व्ह | दाट सॉस, उलटी उभी राहणारी बाटली | पातळ माल थेंब थेंब पाझरतो |
| पंप | ठरावीक मात्रा | तळाशी माल उरतो, धातूच्या स्प्रिंगमुळे पुनर्वापर अवघड |

फ्लिप टॉपमध्ये सगळा भरवसा बिजागरावर. ते पॉलिप्रॉपिलीनचेच हवे. अर्ध्या मि.मी.हूनही पातळ पट्टीत रेणू एका दिशेला ओढले जातात आणि हजारो उघडझापी सोसतात. त्यासाठी साच्यात वितळलेले प्लास्टिक या पट्टीवरून आडवे वाहायला हवे आणि झाकण गरम असतानाच पहिल्यांदा मिटवलेले बरे. नमुना हातात घेऊन शंभर वेळा उघडमीट करा. पट्टीवर आडवी चीर दिसली तर तो साचा नाकारा.

व्हॉल्व्ह म्हणजे फुलीसारखी चीर दिलेला सिलिकोनचा पडदा. बाटली दाबली की चीर उघडते, सोडली की मिटते आणि तिच्यातूनच हवा आत जाते. उलट्या उभ्या बाटलीत दाट मालासाठी यापेक्षा स्वच्छ उपाय नाही. वाहतुकीत मात्र उष्णतेने आतला दाब वाढतो आणि माल चिरेतून बाहेर येतो. म्हणून व्हॉल्व्हखाली फॉइलचे सील हवेच. सिलिकोन पाण्यापेक्षा जड असते, ते पीईटीबरोबर तळाशी जाते आणि वेगळे करता येत नाही. पुनर्वापर महत्त्वाचा असेल तर तरंगणाऱ्या पदार्थाचा व्हॉल्व्ह मागा.

पंपात अलीकडचा मोठा बदल म्हणजे धातूची स्प्रिंग आणि काचेची गोळी काढून सगळे भाग प्लास्टिकचे करणे. हवेने बिघडणाऱ्या क्रीमसाठी हवारहित पंप चांगला. त्यात तळाची चकती वर सरकत जाते, नळी नसते, आणि माल जवळजवळ शेवटपर्यंत निघतो.

काचेची बाटली

विल्यम पेंटरने १८९२ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेले क्राउन झाकण आजही वायूच्या दाबाला सर्वांत भरवशाचे. सुरुवातीला २४ दाते होते, आता २१. बसवल्यावर बाहेरचा व्यास साधारण २८.६ ते २८.८ मि.मी. यायला हवा. जास्त आला तर पाझर, कमी आला तर काठ तडकतो. पण एकदा उघडले की ते पुन्हा लागत नाही. पुन्हा लावायचे असेल तर ॲल्युमिनियमचे आरओपीपी (बाटलीवरच आटे घडवून बसवायचे, उघडल्याचे कळणारे झाकण). त्याच्या पत्र्यात आधी आटे नसतातच, चाके पत्रा दाबून बाटलीच्या आट्यांवर घडवतात. चाकांचा दाब कमी पडला तर झाकण नुसते गोल फिरते, जास्त झाला तर कडीचे पूल (झाकण आणि खालची कडी जोडणारे बारीक दुवे) आधीच तुटतात. गरम भरून निर्वात करायच्या बरणीला मात्र लगवाले (आतल्या कडेला आत वळलेली टोके असलेले) ट्विस्ट-ऑफ झाकणच घ्या. मधले बटण खाली खेचलेले असेल तर निर्वात शाबूत.

लहान मुलांपासून सुरक्षा

औषध, दाहक रसायन, निकोटीन असेल तर इथे तडजोड नको. दाबून फिरवायचे दोन कवचांचे झाकण कॅनडातल्या विंडसरच्या डॉ. हेन्री ब्रॉल्ट यांनी १९६७ मध्ये आणले. आयएसओ ८३१७ (मुलांना सहज न उघडणाऱ्या वेष्टनांचे आंतरराष्ट्रीय मानक) च्या चाचणीत ४२ ते ५१ महिन्यांची मुले असतात. पहिल्या पाच मिनिटांत किमान ८५ टक्के मुलांना झाकण उघडता येऊ नये, उघडून दाखवल्यावर पुढच्या पाच मिनिटांतही किमान ८० टक्के मुलांना जमू नये. शिवाय ५० ते ७० वर्षांच्या मोठ्यांना ते उघडता यायला हवे. 'दाबा आणि फिरवा' की 'बाजूने चिमटून फिरवा' हे ठरवताना वापरणाऱ्याच्या हातांचा विचार करा. संधिवात असलेल्याला दुसरे फार अवघड जाते. आणि प्रमाणपत्र झाकण-बाटलीच्या जोडीला असते, नुसत्या झाकणाला नसते.

बाटलीला जोडलेले झाकण

युरोपीय संघाच्या २०१९/९०४ निर्देशानुसार ३ जुलै २०२४ पासून तीन लिटरपर्यंतच्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या पेयबाटल्यांना झाकण जोडलेलेच लागते. काचेच्या व धातूच्या बाटल्यांना हे लागू नाही. दोन रचना मिळतात. पट्ट्याच्या रचनेत झाकण लोंबते, पिताना गालाला लागते, पण साच्यात बदल थोडा. बिजागराच्या रचनेत झाकण मागे जाऊन खटकन अडकते. पिणाऱ्याला हीच सोयीची. नमुना घेताना झाकण वीस वेळा उघडून परत आवळा, मग बाटली पाण्याने भरून रात्रभर कागदावर आडवी ठेवा. जोडलेले झाकण आट्यांवर तिरके चढायची शक्यता जास्त असते, आणि सकाळी कागदावर डाग दिसला तर बिजागराची लांबी चुकली आहे का, ते आधी तपासा.