अमेरिकेची शासनव्यवस्था शिकवायची, पण कुठे?

अमेरिकेचा राजकीय इतिहास आणि शासनव्यवस्था शिकवायची तर तिथे दोन ठळक वाटा आहेत: संशोधन विद्यापीठ किंवा दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज.

विद्यापीठात पीएच.डी. लागतेच. सत्राला साधारण दोन विषय शिकवायचे, बाकी वेळ अभिलेखागार आणि लिखाण. सहाव्या वर्षाच्या आसपास टेन्युअरचा, म्हणजे कायम नेमणुकीचा, निर्णय होतो, तोही मुख्यतः छापून आलेल्या संशोधनावर. नाही मिळाला तर बाडबिस्तरा गुंडाळायचा.

कम्युनिटी कॉलेजात अनेकदा एम.ए. पुरतं, पण सत्राला पाच-पाच वर्ग घ्यावे लागतात. टेक्सासात तर सरकारी कॉलेजातून पदवी घेणाऱ्याला शासनव्यवस्थेचे सहा क्रेडिट कायद्यानेच सक्तीचे आहेत, मग तो नर्स होवो की इंजिनीअर. त्यामुळे कामावरून थेट आलेली आई आणि नुकतीच शाळा संपवलेली पोरं एकाच बाकावर. त्यांच्यापुढे १८०३ चा मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटला उलगडायचा: सही-शिक्का झालेलं, पण हाती न पडलेलं एक नेमणूकपत्र, आणि त्या भांडणातून पक्का झालेला, घटनाबाह्य कायदा रद्द ठरवण्याचा न्यायालयाचा अधिकार. यातली बरीच मुलं हा विषय पुन्हा कधीच शिकणार नसतात. म्हणून मला हे काम फार मोलाचं वाटतं.

तात्पुरत्या नेमणुका दोन्हीकडे बोकाळल्यात. आपल्याकडे तासिका तत्त्वावर राबणाऱ्यांना ती दशा वेगळी सांगायला नको. जुनी कागदपत्रं चाळल्याशिवाय चैन पडत नसेल तर विद्यापीठच गाठावं. मी मात्र कम्युनिटी कॉलेजातली कायम नोकरी आधी बघेन.