बेटकास्टिंग रीळ शिकताना कोणती दोरी भरावी? आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑक्टोबरात मी मासेमारीसाठी बेटकास्टिंग रीळ घेतलं. रीळ आणि रॉड ठरवायला दोन महिने लावले, दोरी मात्र दुकानात उभ्या उभ्या घेतली. त्यानंतर आठ महिने रेवदंड्याच्या खाडीत आणि घराजवळच्या मैदानावर हे रीळ चालवलं. आता खात्रीने सांगतो, शिकणारा माणूस टिकतो की कंटाळून रीळ माळ्यावर टाकतो, ते रिळापेक्षा दोरीवर जास्त ठरतं.

स्पिनिंग या दुसऱ्या प्रकारच्या रिळात फेकताना स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळलेली चकरी, स्थिर असतो आणि दोरी त्याच्या काठावरून वेटोळ्यांनी सुटते. बेटकास्टिंग रिळात स्पूल स्वतः फिरतो. लूर, म्हणजे नकली आमिष, हवेत गेलं की त्याचा वेग उतरत जातो, स्पूल मात्र मिळालेल्या गतीने फिरतच राहतो. लूरला हवी त्याहून जास्त दोरी सुटते, तिला पुढे जायला वाट नसते आणि ती रिळावरच फुगून गुंतते. चुंबकाचे ब्रेक असतात, स्पूलचा ताण वाढवणारी बाजूची घुंडी असते, पण शेवटी स्पूल आवरायचा अंगठ्यानेच. अंगठा शिकेपर्यंत गुंते होणारच. म्हणून दोरी निवडताना मी दोनच गोष्टी बघतो: गुंता किती वेळात सुटतो, आणि सुटल्यावर दोरी शाबूत राहते का.

पहिल्यांदा मी २० पाउंडाची (एवढ्या ओढीपर्यंत न तुटणारी) ब्रेडेड, म्हणजे बारीक धागे विणून केलेली, दोरी भरली होती, जाडी सुमारे ०.२० मिमी. बारीक दोरी लांब जाते, हे ऐकून घेतलेली. पहिल्याच सकाळी खाडीवर जितका वेळ फेकण्यात गेला, त्याच्या कितीतरी पट गुंता सोडवण्यात गेला. ब्रेडेड दोरी मऊ असते, तिचे फास एकमेकांत बसतात आणि बारीक असल्याने नखात धरता येत नाहीत. त्याहून मोठा त्रास वेगळाच. कालवांच्या खडकात लूर अडकलं म्हणून जोर लावून ओढलं, तर ताणाखालची बारीक दोरी खालच्या थरांत रुतून बसली. पुढच्या फेकीत ती तिथेच अडली, स्पूल झटक्यात थांबला आणि नवंकोरं लूर गाठीतून तुटून कुंडलिका नदीत गेलं. आणखी एक चूक होती: ब्रेडेड दोरी गुळगुळीत स्पूलवर थेट बांधली की पकड घेत नाही, सगळा गठ्ठाच घसरतो. खाली थोडा तंगूस (नायलॉनची एकपदरी दोरी) गुंडाळून मग ती भरावी लागते. हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं, तोवर निम्मी दोरी कापून टाकली होती.

मग साधा नायलॉनचा मोनो भरला, म्हणजे आपला तंगूसच, पण रिळासाठी बनवलेला मऊ प्रकार. १४ पाउंडाचा, ०.३५ मिमी जाडीचा, पिवळसर हिरवा. पुढचे पाच महिने बहुतेक वेळ तोच होता, आणि मी शिकलो तो त्याच्यावरच. याचे फास मोठे आणि सैल पडतात. रंग ठळक असल्याने कोणता फास कशाखाली आहे ते डोळ्यांना दिसतं. स्पूलवर अंगठा घट्ट दाबून हँडल दोन-तीन वेळा फिरवायचं आणि मग दोरी हळू ओढायची. बहुतेक गुंते अर्ध्या मिनिटात मोकळे होतात. नायलॉन ताणतो, त्यामुळे अडकलेलं लूर ओढतानाही खालच्या थरांत रुतत नाही. आणि शंभर मीटर मला दोनशे रुपयांच्या आत पडले. हा मुद्दा छोटा वाटेल, पण गुंता फार झाला तर वीस मीटर कापून टाकताना हात थरथरत नाही. भीती गेली की फेकी वाढतात, आणि फेकी वाढल्याशिवाय अंगठा शिकत नाही.

जाडीबद्दल मुद्दाम लिहितो, कारण पाकिटावरचे पाउंड फसवतात. एकच आकडा लिहिलेल्या दोन दोऱ्यांची जाडी वेगळी निघते. शिकताना मोनो ०.३० ते ०.३५ मिमी असा बघावा. त्याहून बारीक असेल तर बोटांना सापडत नाही. जाड घ्यायचाही मोह होतो. आमच्याकडे जाळ्यांच्या दुकानात हातदोरीसाठी मिळणारा ०.५० मिमीचा तंगूस मी एकदा भरून पाहिला. हातात तो उत्तम, पण रिळाच्या छोट्या स्पूलवर स्प्रिंगसारखा उसळतो. स्पूल मोकळा करणारं बटण दाबलं की फेकायच्या आधीच वेटोळी सुटायला लागतात.

भरतानाही काळजी घ्या. स्पूल काठोकाठ भरू नका, काठाखाली निदान ३ मिमी जागा सोडा. शिकताना मी अजून कमी भरायचो. वजन कमी असलेला स्पूल लवकर थांबतो. ओल्या फडक्यात दोरी धरून ताण देत भरली की थर घट्ट बसतात. माझ्या सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती अशी: मैदानावर आपण जितकं लांब फेकतो त्याच्या दीडपट दोरी सोडून द्यायची, उरलेल्या दोरीवर स्पूलभोवती चिकटपट्टीचा एक वेढा लावायचा आणि मग सोडलेली दोरी परत गुंडाळायची. गुंता पट्टीच्या खाली जातच नाही. सराव मी गळाशिवाय, १८ ग्रॅमच्या वजनाने करायचो. हलकं लूर नवख्या हातात स्पूल नीट ओढत नाही. ताणाची घुंडी अशी लावायची की वजन सावकाश खाली जावं आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबावा. चुंबकी ब्रेक सुरुवातीला दहापैकी आठवर, मग महिन्याला एकेक आकडा कमी.

मोनोचे दोष आहेत. पाणी शोषल्यावर त्याची ताकद थोडी उतरते, उन्हाने तो कुजतो, आणि महिनाभर पडून राहिला की स्पूलच्या आकाराची वेटोळी धरतो. मी दर दोन-अडीच महिन्यांनी बदलतो. प्रत्येक वेळी खाडीवरून आल्यावर रीळ गोड्या पाण्याने पुसून घेतो आणि पुढचा मीटर-दीड मीटर तपासून कापतो. दोन बोटांत धरून ओढलं की कालवांनी घासलेली जागा खरखरीत लागते. गाठ आवळताना दोरी थुंकीने ओली करा, कोरडी आवळली तर घासून तापते आणि गाठीपाशी कमजोर होते. कापलेले तुकडे तिथे कृपया टाकू नका. तिवरांत तंगूस पायाला गुंडाळलेला बगळा मी पाहिला आहे, तेव्हापासून पिशवीत एक रिकामी बाटली असते.

फ्लोरोकार्बन ही तिसऱ्या प्रकारची दोरी, तो फेब्रुवारीत दोन आठवडे वापरला. पाण्यात कमी दिसतो, लवकर बुडतो, घासाला चिवट असतो. पण कडक आहे, आणि गुंत्यात त्याला जो मोड पडतो तिथेच तो पुढे तुटतो. महागही आहे. शिकताना स्पूल याने भरू नये. लीडर, म्हणजे दोरीच्या टोकाला जोडायचा तुकडा, म्हणून मात्र चांगला.

एप्रिलपासून परत ब्रेडेड दोरीवर आलोय, पण आता ४० पाउंडाची, ०.३३ मिमी जाडीची. जाडी मोनोइतकीच असल्याने अंगठ्याला ओळखीची वाटते आणि रुतत नाही. ताणत नसल्याने लूरवरची साधी टिचकीसुद्धा हातात कळते, तिवरांच्या मुळांतून मासा बाहेर खेचायला जोर मिळतो. पुढे दीड मीटर ४० पाउंडाचा लीडर हवाच, कारण जिताड्याच्या कल्ल्यांवरची झाकणं सुरीसारखी असतात. मे महिन्यात अडीच किलोचा एक जिताडा याच जोडणीवर मिळाला आणि लीडर शेवटच्या वीतभर पार खरवडून निघाला होता.

त्या दिवशी काका सोबत होते. ते चाळीस वर्षं हातदोरीने गरवतात, रिळाला कधी हात लावला नव्हता. "दे बघू," म्हणाले. मोनो भरलेलं जुनं रीळ दिलं. पहिल्या दोन फेकी गुंतल्या. तिसरीला शिसं सुमारे तीस मीटरवर पडलं आणि स्पूल तिथल्या तिथे थांबला. मी विचारलं, इतक्या लवकर कसं जमलं? त्यांनी अंगठा पुढे केला. तंगूस सोडून सोडून त्यावर जाड घट्टा पडलाय. "हा सुटायला लागला की हाताला कळतो," म्हणाले, "बघावं लागत नाही." पुढचा तासभर रीळ त्यांच्याकडेच होतं.