चाळीतली सुईण की परळचं वाडिया?

पणजीची गोष्ट लिहिणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, १९२६ साली गिरणगावातल्या बाईने बाळंत कुठे व्हावं? परळचं वाडिया प्रसूतिगृह त्याच वर्षीचं.

नाळ कापणं सगळ्यांत महत्त्वाचं. सुईणीचा विळा, वर चुलीतली राख. धनुर्वात तिथूनच शिरायचा. इस्पितळात उकळलेली कात्री. इथे तुलनाच नाही. बाळंतज्वराचं मात्र तसं नाही. तो वॉर्डातही एकीकडून दुसरीकडे जायचा, आणि त्यावर चालणारी जंतुनाशक सल्फा औषधं आली १९३५ नंतर.

खर्चात सुईण सोयीची: लुगडं, शिधा, थोडे पैसे. शिवाय ती नंतर बाळाला न्हाऊमाखू घालायची, आईचं अंग चोळायची. इस्पितळात गेलं तर घरची पोरं कोण बघणार?

१९२१ मध्ये मुंबईत नोंदलेल्या हजार जन्मांमागे सहाशेहून जास्त बालमृत्यू लागले. अनेकजणी बाळंतपणाला गावी जात, त्यामुळे जन्म मुंबईत नोंदलेच जात नसत. आकडा त्यानेही फुगला. तरी एका खोलीतली दाटी, आई गिरणीत आणि बाळ अफूच्या बाळागोळीवर गुंगलेलं, हे बाळंतपण घरी होवो की इस्पितळात, सारखंच. बाळंतिणीला कामावरून सुटीत पैसे देणारा प्रसूतिभत्त्याचा कायदाही १९२९ चा, म्हणजे तेव्हा नव्हताच.

पहिलटकरीण, आडवं मूल, आधी अडलेली बाई यांनी वाडियाच गाठावं. आधीची बाळंतपणं सरळ झालेली, घरात कुणी बाईमाणूस आणि कात्री उकळणारी शिकलेली सुईण असेल, तर घर चालेल.