जाखडीच्या चालीत भूगोल शिकवणारा क्लास, आमचा अनुभव

रत्नागिरीत साळवी स्टॉपच्या बाजूला एक सर घरच्या पडवीत सहावी ते आठवीचा क्लास घेतात आणि इतिहास भूगोल जाखडीच्या, म्हणजे कोकणातल्या लोकनृत्याच्या गाण्यांच्या, चालीवर पाठ करून घेतात, ढोलकी झांज सगळं असतं. आमची धाकटी यंदा जाते तिकडे, बरेच जण विचारतायत म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

भूगोलासाठी डोळे झाकून पाठवा. कोकणातल्या नद्या उत्तरेकडून खाली, वैतरणा, उल्हास, कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, वाघोटन, कर्ली, तेरेखोल, ही यादी पुस्तकातून हिच्या डोक्यात अजिबात राहत नव्हती, आता अंघोळीला जाता जाता म्हणते. पुढच्या कडव्यात मुखाशी काय आहे तेही येतं, सावित्रीला बाणकोट, शास्त्रीला जयगड, काजळीला आपलं भाट्ये, मुचकुंदीला पूर्णगड, वाघोटनला विजयदुर्ग.

गाणं का लक्षात राहतं ते सर पालकांनाही मस्त समजावतात. धड्यातल्या वाक्यात पुढचा शब्द काहीही असू शकतो, गाण्यात तसं नाही, ठेक्यात बसेल एवढाच पाहिजे, यमक जुळलं पाहिजे, त्यामुळे एखादं नाव सुटलं की ठेका अडतो आणि पोरांना लगेच कळतं की इथे काहीतरी राहिलं. वर तोंडात सारखं घोळतं म्हणून उजळणी आपोआप होते. गणपतीच्या आरत्या आपण कोणी बसून पाठ केल्या होत्या का, वाडीत घरोघर म्हणून म्हणूनच बसल्या ना. सर अख्ख्या धड्याला एकच चाल ठेवतात हे मला सगळ्यात पटलं, कारण १९९४ मध्ये वांडा वॉलेस या संशोधक बाईंचे स्मरणशक्तीवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले त्यात हेच दिसलं होतं, तीन कडवी एकाच चालीत ऐकली तर नुसत्या बोललेल्या मजकुरापेक्षा जास्त आठवली, पण दर कडव्याला चाल बदलली तर उलट बोललेलंच जास्त आठवलं. म्हणजे आधी चाल अंगवळणी पडली पाहिजे, मग ती शब्द धरून ठेवते.

सनावळीसाठी मात्र ही पद्धत कच्ची आहे. सिंधुदुर्गाचं बांधकाम १६६४ ला सुरू झालं, आता चौसष्टच्या जागी पासष्ट म्हटलं तर ठेकाही मोडत नाही न यमकही, मग चूक पकडणार कोण? सन लिहूनच पाठ करून घ्यायला हवेत, सरांना मी तसं सांगितलंय आणि त्यांनाही पटलं.

दुसरं म्हणजे ‘शास्त्रीच्या दक्षिणेला कोणती नदी’ विचारलं की पोरं मनात वैतरणेपासून सुरू करतात, पेपरात त्यात वेळ जातो. घरी नकाशा पुढे ठेवून मधूनच कुठलीही नदी विचारत जा, थोड्या दिवसांत सुटतं ते.

बाकी जागा लहान, बॅच मोठी, पावसात पत्र्याच्या आवाजात मागच्यांना ऐकू येत नाही म्हणून लवकर पाठवून पुढे बसवा. फी इतर क्लासएवढीच आहे. विज्ञानही आता चालीत घेणार म्हणतात, त्याला मी तरी पाठवणार नाही, प्रकाशसंश्लेषणात कशामुळे काय होतं ते समजायला हवं, नुसती व्याख्या गाऊन ते होत नाही. भूगोलाची नवीन बॅच गणपतीनंतर आहे.