खोक्यात गेम आहे की नुसती किल्ली?

एकाच कपाटात शेजारी उभ्या व्हिडिओ गेमच्या तीन खोक्यांपैकी एकात पूर्ण गेम असतो, दुसऱ्यात अर्धा आणि तिसऱ्यात काहीच नाही. बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात. त्यामुळे गेम जमवावेत का, यापेक्षा नेमकं काय जमवतोय हे आधी बघावं. परीक्षा साधी आहे: कन्सोलचं (टीव्हीला जोडायच्या गेम यंत्राचं) नेट बंद करा, डिस्क घाला, इन्स्टॉल होऊ द्या आणि खेळायला बसा. नुसता मेनू दिसला म्हणून पास करू नका. काही डिस्कवर सुरुवातीचाच भाग असतो आणि पुढे डाउनलोडची पट्टी येते. २०२२ च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २’च्या डिस्कवर तर जेमतेम ७० एमबीच्या आसपास डेटा होता. बडा घर, पोकळ वासा!

जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या स्विच २ कन्सोलने या पोकळ वाशाला अधिकृत नाव दिलं: गेम-की कार्ड. कार्डात गेमचा डेटा नसतो. पहिल्यांदा नेट लावून अख्खा गेम उतरवायचा आणि नंतरही खेळताना दरवेळी कार्ड खाचेत ठेवायचं. म्हणजे डाउनलोडची जागा अडते ती अडतेच, कार्ड बदलायचा कंटाळाही सुटत नाही. कन्सोलची २५६ जीबी भरली की मायक्रोएसडी एक्स्प्रेस कार्डच घ्यावं लागतं, जुनं साधं मायक्रोएसडी गेमसाठी चालत नाही. एक फायदा मान्य करायला हवा, असं कार्ड दुसऱ्याला देता किंवा विकता येतं. पण सर्व्हर बंद झाल्यावर ते घेणाऱ्याच्या हाती फक्त प्लास्टिक उरेल. कव्हरच्या खालच्या पट्टीवर किल्लीचं चिन्ह असतं, ते बघूनच पैसे मोजा. ‘सायबरपंक २०७७’ याच कन्सोलवर ६४ जीबीच्या कार्डात पूर्ण आलाय, तेव्हा जमत नाही असं नाही. मोठं कार्ड महाग पडतं, एवढंच.

सर्व्हरची भीती काल्पनिक नाही. निन्टेन्डोच्या जुन्या वी यू आणि थ्रीडीएस यंत्रांच्या ई-शॉप या ऑनलाइन दुकानातली खरेदी २७ मार्च २०२३ ला थांबली, एक्सबॉक्स ३६० चं स्टोअर २९ जुलै २०२४ ला. त्या कन्सोलवर यापुढे नवा गेम हवा असेल तर जुनी डिस्क किंवा कार्ट्रिज (खाचेत घालायची गेमची डबी) हाच सरळ मार्ग. मात्र ‘द क्रू’सारखा कायम ऑनलाइन लागणारा गेम डिस्कवर असूनही ३१ मार्च २०२४ नंतर मेला, एकट्याने खेळायचा भागसुद्धा. असे गेम संग्रहासाठी घेऊच नयेत.

एक्सबॉक्सवाल्यांची एक गफलत नेहमी होते. ३६० ची डिस्क नव्या एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये घातली तर गेम डिस्कवरून चालत नाही, डिस्क फक्त मालकीचा पुरावा ठरते आणि गेम नेटवरून उतरतो. तेव्हा मूळ ३६० विकू नका. पीएस५ ला (प्लेस्टेशन ५) वेगळा डिस्क ड्राइव्ह जोडत असाल तर पहिल्या जोडणीला नेट लागतं, ते काम आत्ताच उरकून घ्या. पीएस४ जपून ठेवायचा असेल तर सिस्टिम सॉफ्टवेअर ९.०० किंवा पुढचं हवं, नाहीतर आतला सीआर२०३२ सेल संपल्यावर नेटशिवाय गेम सुरू होताना अडतात.

सेकंड-हँड डिस्क घेताना ओरखडा कुठे आहे ते बघा. सीडीचा डेटा लेबलच्या लगेच खाली असतो, म्हणून पीएस१ च्या डिस्कला छापील बाजूचा ओरखडा जास्त घातक. दिव्यासमोर धरून आरपार उजेडाचे ठिपके दिसले तर परत द्या. डीव्हीडीचा थर ०.६ मिमी खोल, तिला पॉलिश मशीनवर घासून वाचवता येतं. ब्लू-रेचा थर पृष्ठभागापासून केवळ ०.१ मिमीवर. वरचं आवरण कडक असतं, पण ते ओलांडून गेलेला ओरखडा घासून निघत नाही, उलट डिस्क जाते.

कार्ट्रिज दणकट, पण सेव्ह, म्हणजे खेळातली साठवलेली प्रगती, जपणारा आतला सेल संपतो. गेम बॉयच्या ‘पोकेमॉन गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये घड्याळही त्याच सेलवर चालतं, म्हणून तो लवकर संपतो. आधी कार्ट्रिज रीडरने (कार्ट्रिजमधला डेटा कॉम्प्युटरवर घेणाऱ्या उपकरणाने) सेव्हची प्रत घ्या, कारण सेल काढला की सेव्ह पुसला जातो. ३.८ मिमीच्या गेमबिटने (या खास स्क्रूंसाठीच्या पेचकसाने) स्क्रू काढा, जुन्या सेलच्या पट्ट्यांचं सोल्डर सोडवा आणि पट्ट्या लावलेलाच सीआर२०२५ बसवा, धन-ऋण बघून. साध्या सेलवर थेट सोल्डर करू नका, उष्णतेने तो फुटू शकतो. संपर्कपट्ट्या ९० टक्क्यांहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि इअरबडने पुसा. फुंकर मारू नका, थुंकीच्या ओलाव्याने पट्ट्या गंजतात.

माझा कौल: पीएस३ आणि त्याआधीच्या डिस्क, जुनी कार्ट्रिजेस आणि पूर्ण डेटा असलेली स्विच कार्डं घ्या. पीएस४-पीएस५ च्या डिस्क एकेक तपासून घ्या. शक्य असेल तर पॅच (नंतरच्या दुरुस्त्या) आणि डीएलसी (जादा भाग) डिस्कवरच असलेल्या नंतरच्या आवृत्तीसाठी थांबा, मात्र डीएलसी चिठ्ठीवरच्या कोडने येत नाही ना ते विचारा. नुसता कोड असलेलं खोकं कुणी भेट दिलं तरच ठेवा. आणि स्टीलबुकचा (धातूच्या सजावटी खोक्याचा) फोटो बघून ऑर्डर देण्याआधी ‘डिस्क समाविष्ट नाही’ ही बारीक ओळ तिथे आहे का ते वाचा.