हार्डवेअरच्या दुकानातलं रेडियम जॅकेट: गावच्या रस्त्यावर कितपत कामाचं?

साइडपट्टी खचलेली, फुटपाथ नाहीच, त्यात उसाचा हंगाम. अशा रस्त्याने पहाटे चालणाऱ्याने किंवा सायकलवरून कामाला जाणाऱ्याने हे पोपटी जॅकेट जरूर घ्यावं, पण पट्टी पारखून.

‘रेडियम’ हे नाव नुसतं बोलण्यातलं. पट्टीतले काचेचे बारीक मणी उजेड आला त्याच दिशेला परत पाठवतात, म्हणून ती हेडलाइटमागे बसलेल्याला चमकताना दिसते. दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जॅकेट टांगा, दहा पावलं मागे या आणि मोबाइलचा टॉर्च कानशिलाला लावून धरा. चांगली पट्टी लख्ख पांढरी पेटते. करडीच राहिली तर ते नुसतं चकचकीत प्लॅस्टिक, घेऊ नका. अशा उठून दिसणाऱ्या कपड्यांसाठीच्या आयएसओ 20471 या आंतरराष्ट्रीय मानकात पट्टीची रुंदी किमान 50 मिलिमीटर धरली आहे. स्वस्तातल्या जॅकेटवर बरेचदा एक इंचीच असते. ती दोन्ही कडांनी शिवलेली हवी, नुसती चिकटवलेली धुण्यात सुटते. पोपटी कापड दिवसा आणि तिन्हीसांजेला उठून दिसतं, रात्री सगळी भिस्त पट्टीवर.

खरी उणीव पट्टीच्या जागेत आहे. गाडी डिपरवर असली की उजेड खाली पडतो, पट्ट्या मात्र छाती-पाठीवर. त्यात पाठीला सॅक लावली की मागची पट्टी झाकलीच. म्हणून दोन इंची पट्टी मीटरभर वेगळी घ्या, तिचे 30 सेंटिमीटरचे दोन तुकडे इलॅस्टिकवर शिवा आणि दोन्ही घोट्यांवर चढवा. चालताना, पेडल मारताना पाय हलतात आणि हा माणूस आहे हे चालकाला लांबून कळतं. ताशी 60 किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर कापते. चालकाचं लक्ष जाऊन ती थांबेपर्यंत 45-50 मीटर सहज जातात.

दिवे नसलेल्या ट्रॅक्टरपुढे पट्टी आंधळीच. हातात टॉर्च आणि सायकलला मागे लाल दिवा हवाच. दिवा सीटखाली लावला तर कॅरिअरवरच्या पोत्याआड जातो, तो कॅरिअरच्या शेवटच्या टोकाला बांधा. जोड-ट्रॉली वळणावर आतल्या बाजूला कापत येते आणि ऊस बाहेर आलेला असतो, तेव्हा दुसरी ट्रॉली जाईपर्यंत डांबराखाली उतरून थांबा.

चालणाऱ्याने उजवी कड धरावी, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. पुढे उजवीकडे आंधळं वळण असेल तर आधीच डावीकडे जावं, वळण सरल्यावर परत यावं. सायकल कायम डावीकडूनच.

जॅकेट थंड पाण्यात, साध्या साबणाने हाताने धुवा. ब्रश, ब्लीच आणि पट्टीवर इस्त्री नको; घडी पट्टीवर आली की तिथेच तडे जातात, म्हणून खुंटीला टांगा. तांबडी धूळ बसली की चमक उतरते, ओल्या फडक्याने पुसली तर परत येते. पुसूनही टॉर्चमध्ये पट्टी पेटत नसेल तर जॅकेट बदला.